रिक्षावरचा भोंगा

राहात्याला आम्ही फराळाचं दुकान टाकलं ते नव्वद सालानंतर. तेव्हा जाहिरात म्हणजे पेपरात घालायची हँडबिलं, केबलवर खालून सरकणारी पट्टी, नाहीतर रिक्षावरचा भोंगा. आमचे हे साखर कारखान्यात कामाला, पण जाहिरातीचा उत्साह असा की जणू घरात लग्न निघालंय. जेवणं झाली की यांचे बेत सुरू. मला मात्र एकच धास्ती होती. आडनावाची.

आम्ही बौद्ध. माझ्या मावशीनं तिच्या सासरच्या गावात चहाची टपरी टाकली होती. आठवडाभर माणसं मिटक्या मारत चहा प्यायली. मग कुणीतरी आडनाव विचारलं, आणि टपरी ओस पडली. राहिलेले पैसे द्यायला जे आले, त्यांनी ते लांबूनच फळीवर टाकले. तिच्या हाताला हात लागायला नको म्हणून. मी तेव्हा लहान होते, पण फळीवर पडलेल्या नाण्यांचा तो आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही.

म्हणून हँडबिलावर आडनाव नको, पाटीवरही नको, असं मी यांना बजावलं. कुणी विचारलंच तर "आम्ही पुणतांब्याचे" एवढंच सांगायचं. खरंच होतं ते. केबलची पट्टी नको, कारण केबलवाला शंभर प्रश्न विचारतो. राहिला भोंगा. तो यांच्या चुलतभावाकडे होता. भावजींचा आवाज खणखणीत. आमच्या वस्तीतली मिरवणूक असो, सभा असो, माइक त्यांच्याच हातात. पैसे घेणार नाही म्हणाले. आम्ही मजकूर लिहून दिला. त्यात काय असावं यावर आम्ही चार दिवस भांडलो. त्यांच्या तोंडून आणखी काय निघेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळपासून गर्दी. एक बाई चकलीचा तुकडा खाऊन म्हणाल्या, "लई खुसखुशीत हाय. अर्धा किलो द्या." मी तागडीत चकल्या घालत होते, तेवढ्यात रिक्षा समोरून आली.

"ताजी चकली, ताजी शेव, घरगुती चिवडा! बाजारतळाशेजारी! एकदा या, चव बघा! जय भीम!"

भावजींची जन्माची सवय. माइक हातात आला की शेवट तोच. बाईंनी रिक्षाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बांधून ठिवा. मी जरा बाजार करून येते," म्हणाल्या आणि गेल्या. असं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक कुठं जातं, ते मला ठाऊक होतं. शेजारची कापडवाली रोज आमची शेव न्यायची. ती आत जाऊन उगाच कापडाच्या घड्या घालू लागली.

यांनी त्या दिवशी रजा टाकली होती; यांना दुकानात बसवून मी पळत सुटले. सांगणार होते, भावजी, शेवटचं तेवढं गाळा. रिक्षा एसटी स्टँडजवळ सापडली. भावजी घामानं निथळत होते, घसा पार बसला होता. मला बघून त्यांना आनंदच झाला.

"वैनी, आवाज जातोय ना लांबवर? शेवट नीट ऐकू येतो ना?"

मी तोंड उघडलं. आपल्याच माणसाला जय भीम गाळायला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"येतो," मी म्हणाले. शेजारच्या टपरीवरून पाण्याचा तांब्या आणून दिला आणि परत फिरले. भीती होती तिथंच होती.

दुपार कोरडी गेली. कापडवाली त्या दिवशी आली नाही, पुढेही कधी आली नाही. बांधलेली पुडी फळीवर तशीच पडून होती. ती उचलून आत ठेवायचंही मला धाडस होईना.

दिवे लागायच्या सुमाराला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या बाई आल्या. "बांधली का आमची चकली?"

मी पुडी पुढे सरकवली. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, कनवटीची नोट काढली. मी मुद्दाम हात मागे घेतला आणि फळी मोकळी सोडली. त्या नोट धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हात करा की पुढं," म्हणाल्या.

मी हात पुढे केला. त्यांनी नोट माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून बोटं दाबून मिटवली. बाजार उठत आला होता. लांबून भावजींचा बसलेला आवाज येत होता. शेवट नीट ऐकू येत होता.