दिनकरच्या गॅरेजचं शटर खाली का होतं

दिनकरनं आत्महत्या केलेली नाही.

शटर ओढायला त्याला मी सांगितलं होतं.

दहा दिवस हे तोंडातून निघत नव्हतं. आज त्याच्या बायकोला, वैशाली वहिनींना विचारूनच लिहितोय.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिनकर माझा शेजारी, वीस वर्षांचा दोस्त. उद्यमनगरात लेथवर त्याची उभी हयात गेली. माझ्या हॉलच्या भिंतीला लागूनच त्याचं गॅरेज.

चार वर्षांपूर्वी कुरुंदवाडजवळच्या एका शेडमधून त्यानं जुनी विलायती स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोन सीटची, कधीकाळी लाल असलेली. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

मी म्हटलं, त्यापेक्षा कोंबड्या तरी आणायच्यास.

तो नुसता हसला, आणि चार वर्षं रोज संध्याकाळी तिच्यात डोकं घालून बसला.

इंजिन जिवंत झालं, पण सायलेन्सर पार कुजला होता. पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा थडथडल्या. मी गॅलरीतून ओरडलो. माझं ओरडणं गल्लीला नवीन नाही.

सायलेन्सरची पुंगळी काढून गाड्या फिरवणाऱ्या पोरांचा दिनकरला भयंकर राग. गाडी कशी, "पोट भरलेल्या म्हशीगत घुमली पायजे," म्हणायचा.

म्हणून त्यानं सायलेन्सर घरीच कापला. आत स्वतः बनवलेली भोकांची नळी बसवली, भोवती आवाज गिळणारं ग्लासवूल ठासलं, वरून वेल्डिंग मारलं. आवाज मनासारखा आला नाही की पुन्हा ग्राइंडर.

पाच वेळा तरी कापला असेल. आवाज वाढवायला नाही, कमी करायला. त्यातला निम्मा खटाटोप माझ्या कटकटीमुळं.

त्या रविवारी आमच्या पोरीला, ऋतुजाला बघायला गडमुडशिंगीचे पावणे येणार होते. आधीची दोन स्थळं मोडलेली. सकाळपासून मी टेन्शनमध्ये.

साडेदहाला त्याच्याकडं गेलो. सायलेन्सर नुकताच गाडीला चढवलेला. वहिनी कागलला बहिणीकडं गेल्या होत्या, तो एकटाच होता.

"दिन्या, पावणं येतील आता. आवाज करू नको."

"शेवटचं टेस्टिंग हाय की भावा. धा मिनिटं."

"मग शटर तरी ओढ बाबा."

"ओढतो. तू जा, पोरीकडं बघ."

जन्मात त्यानं कधी शटर लावून इंजिन चालू केलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याच्या कानाखाली काढली असती. धूर काय करतो हे त्याला माहीत होतं. धा मिनिटांत काय होतंय, असंच वाटलं असणार.

पावणे आले. पोहे झाले. भिंतीपलीकडून बारीक घुमल्यासारखं ऐकू येत होतं. मुलाच्या मामांनी विचारलं, मिक्सर चाललाय काय? सगळे हसले. मीपण हसलो. मनात म्हटलं, जमला गड्याला सायलेन्सर.

थोड्या वेळानं तेही थांबलं.

मला बरं वाटलं.

खरंच बरं वाटलं हो.

साडेबाराला पसंती कळली. पावणे निघाले तसा पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी पहिला त्याच्याकडं पळालो.

शटर उचललं. खालच्या फटीत आतून पोती कोंबलेली. आवाज माझ्या घरात येऊ नये म्हणून.

धूर अंगावर आला.

तो मागच्या चाकाला टेकून बसला होता. डोळे मिटलेले. वाटलं, ऐकता ऐकता डोळा लागला असेल. हाक मारली. परत मारली. खांदा हलवला.

पेट्रोल संपून गाडी बंद पडली होती.

पोलिसांनी ती पोती बघितली, शटर बघितलं, आणि एकमेकांकडं बघितलं. रक्षाविसर्जनाला घाटावर कुजबुज सुरू झाली. त्यानं स्वतःहूनच केलं म्हणे. घरात काहीतरी बिनसलं असेल म्हणे.

मी तिथंच उभा होतो.

सांगितलं तर पोरीचं मोडेल, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

वहिनी येईल त्याला एकच विचारायच्या, माझं काय चुकलं? मलाही विचारलं. एकदा नाही, चारदा. दरवेळी तसं काय नाही म्हणून मी उठून आलो.

काल दहावा झाला. सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. पावणे, शटर, पोती, सगळं. वाटलं, आता चप्पल काढतील. काढायलाच पाहिजे होती.

त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हंजे त्यांनी मुद्दाम न्हाय केलं?"

"न्हाय वहिनी."

"खरं सांगताय?"

"पोरीची शपथ."

दहा दिवसांत त्या पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. रडता रडता म्हणाल्या, "मला सोडून न्हाय गेलं भाऊजी ते."

मग म्हणाल्या, हे सगळ्यांना सांगा.

आज सकाळी पोलिसात जाऊन जबाब दिला. गडमुडशिंगीलाही फोन करून सगळं सांगितलं. पुढं त्यांचा काय निर्णय होईल तो होईल.

आणि तुम्ही सगळे, हात जोडून सांगतो. इंजिन चालू असताना शटर, दार, काहीही लावू नका. मारणाऱ्या गॅसला वास नसतो. शेजारी ओरडला तर ओरडू द्या.

दिन्या, तुझ्या फोटोखाली सगळ्यांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. माझ्यानं ते दोन शब्द लिहवले नाहीत. आज लिहितो.

भावपूर्ण श्रद्धांजली, भावा.