कात्रीचा घट्टा

बाबांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला, एक उंचवटा होता. आमच्या घरात त्याला कात्रीचा घट्टा म्हणत. बाबा शिंपी. आधी पाटनला, आणि मला जबलपुरात मास्तरकी मिळाल्यापासून तिथल्या बड्या फुहाऱ्याच्या चौकामागच्या गल्लीत. कापड कापणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला घट्टा पडतोच. लग्नकार्यात नात्यातले शिंपी आपापले अंगठे बाबांच्या अंगठ्याला लावून बघत. "तुमचा तं मालगुजाराचा घट्टा हाय, सगळ्यात मोठा," म्हणत.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझ्या सत्काराला मी बाबांचा तोच हात धरून वर केला आणि म्हणालो, माझी पदवी या घट्ट्यातून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी लाजून हात खिशात घातला.

यंदा लग्नसराईत एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन दुकानात गेलो. ते पिवळ्या ब्लाउजला हुक लावत होते. पिवळ्यावर लाल ठिपके दिसले. मला वाटलं, कापडच बांधणीचं आहे. मग सुई दिसली. ती त्यांच्या तर्जनीत रुतली होती आणि ते शांतपणे धागा ओढत होते.

"बाबा, सुई!"

"कुठं?" त्यांनी खाली पाहिलं, सुई उपसली आणि हसले. "दिवाळीपासून अंगठा अन् दोन बोटं झोपून राहिली. काही दुखतच नाही. आरामच हाय नं!"

मी डबा खाली ठेवला. "सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या आईनं मशीनच विकली असती."

दुसऱ्या दिवशी हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी उंचवट्यावरची कातडी चिमटीत धरून हलवली. कातडी गाठीवरून सरकली. "बाबूजी, ये घट्टा नहीं है," त्या म्हणाल्या. "घट्टा चमड़ी में होता है। ये चमड़ी के नीचे है। ट्यूमर है।"

तो शब्द बाबांना कळला. ते माझ्याकडे बघायला लागले, जणू मी शिकलेला, मीच तो खोडून काढीन. मी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी लगेच समजावलं. ही बहुधा साधी चरबीची गाठ आहे, कर्करोग नाही. नंतर केलेल्या एमआरआयमध्ये कातडीखालची चरबी जशी दिसते, अगदी तशीच ती गाठ दिसली. पण बोटांकडे जाणारी नस तिच्या दाबाखाली होती, म्हणून गाठ काढणं भाग होतं. खात्री मात्र काढून तपासल्यावरच. बाबांनी एकच विचारलं, "कात्री धरता येईल का?" बाई म्हणाल्या, "पकड़ तो लेंगे। महसूस कितना होगा, अभी नहीं कह सकती।"

मी नववीला ऊती शिकवतो. चरबीची ऊती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. आणि घरातली चरबी मी सत्काराच्या मंचावर उचलून दाखवली होती. ही गोष्ट अजूनही मला मधूनच गाठते. पायऱ्या चढताना थांबतो मी.

फक्त हात बधिर करून ऑपरेशन झालं. गाठ निघाली ती लिंबाएवढी, पिवळी, लोण्यासारखी. नस तिच्यावर ताणून फितीसारखी चपटी झाली होती, असं बाईंनी सांगितलं. बाबांनी मुद्दाम ती गाठ बघायला मागितली. बराच वेळ बघून म्हणाले, "याचाच एवढा मान केला आपण?"

तपासणीत चरबीच निघाली, दुसरं काही नाही. आई त्या दिवशी पहिल्यांदा रडली. टाके निघाले. बोटांचे व्यायाम सुरू झाले. रोज संध्याकाळी मी बाबांना डोळे मिटायला लावून उजव्या हातात चिंध्या देतो: सुती, रेशमी, टेरिकॉट. तर्जनी आता ओळखते. अंगठा चुकतो. "थोडं आधी आले असते तर," असं बाई एकदा बोलून गेल्या. बाबांनी ते ऐकलं नाही. मी ऐकलं.

परवा एका लग्नात एका म्हाताऱ्या शिंपीकाकांनी सवयीने अंगठा पुढे केला. बाबांनी आपला लावला नाही. डाव्या हाताने त्यांच्या घट्ट्याची कातडी चिमटीत धरली आणि हलवून पाहिली. नीट, दोनदा.

"असं काय करता?" काका हसले. "अन् डाव्या हातानं?"

"तुमचा घट्टाच हाय," बाबा म्हणाले. "कातडी सरकली असती तं आजच दवाखान्यात नेलं असतं. उजव्याला हे समजत नाही. तो अजून शिकून राहिला."