दादानं बांधलेली हवेची टाकी

क्रांती चौकाजवळ माझ्या थोरल्या भावाचं पंक्चरचं दुकान होतं अन् शेजारी चाचांचं वेल्डिंगचं. हवेच्या टाकीला जादा हवा सोडणारा वॉल असतो. त्याची फुसफुस दादाला सहन व्हायची नाय, म्हणून त्यानं तो तारेनं करकचून बांधून टाकला. डोकं म्हणावं का खोकं!

चाचा रोज म्हणायचे, "मियां, फटेगी ये."

"आधी तुमचं तोंड बांधा," दादा म्हणायचा. मग चाचा रुसायचे, बोलणं बंद. दादानं मुकाट्यानं पुढ्यात चहा ठेवला की मिटायचं.

एका दुपारी टाकी फुटली. दादा उडून भिंतीवर आपटला, मनगट मोडलं. मी पाना उचलायला वाकलेलो, त्यामुळं पत्र्याचे तुकडे नेमके ढुंगणात घुसले. चाचा टाकीजवळच्या कोपऱ्यात बसलेले, त्यांना खरचटलंसुद्धा नाय. विचारलं तर उत्तरही देईनात.

"रुसले बघ," दादा कण्हत म्हणाला. "आता जन्मभर ऐकवतील." त्यानं कुणाला तरी सांगून त्यांच्यापुढं चहा ठेवायला लावला अन् आम्ही दवाखान्यात गेलो. रिक्षात मी पालथा, लोक बघून हसत होते.

डॉक्टरीणबाई चिमट्यानं पत्रा काढता काढता म्हणाल्या, "स्फोटात कुणाला उडालेलं लोखंड लागतं, तसं तुम्हाला. कुणी स्वतःच उडून आपटतं, तसे हे. कुणी भाजतं. पण आधी हवेचा दणका बसतो. त्यानं कानाचे पडदे फाटतात, फुप्फुसात रक्त उतरतं अन् वरून काहीच दिसत नाही. सगळ्यात जवळ कोण होतं?"

दादाचं तोंड पांढरंफटक पडलं. मला तसाच उघडा टाकून तो पळाला.

चाचांना आणलं तेव्हा ओठ निळे, श्वास पुरत नव्हता. लगेच ऑक्सिजन लावला. लई भ्यालो मी. आमच्या अडाणीपणापायी चांगला माणूस चालला होता. दादा दाराबाहेर बसून राहिला, मोडलेलं मनगट कुणाला बांधूही देईना.

चाचा वाचले. त्यांना माझ्या शेजारच्या खाटेवर आणलं, तसा दादा त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. "चाचा, चुकलं माझं."

चाचांनी कानामागं हात धरला. दादा मोठ्यानं बोलला. पुन्हा हात. शेवटी त्याच्या ओरडण्यानं अख्खा वॉर्ड उठून बसला.

डावा कान गेलाय, उजवा ठणठणीत आहे, हे बाईंनी सकाळीच मला अन् चाचांना सांगितलं होतं. मी ते दादाला सांगितलं नाय. तो रडत रडत पुन्हा ओरडला, अन् चाचांनी पुन्हा कानामागं हात धरला.