मोहाची वाटी

घरधनी वारल्यावर जयवंताबाई कुहीजवळचं खेडं सोडून नागपुरात, नंदनवनला धाकट्या विक्रमकडे आल्या. सोबत थोरला कवडू होता. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती, म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये असं कवडीमोलाचं नाव ठेवलं, कवडू, आणि तो जगला. पण चाळिशी उलटली तरी त्याला घड्याळ कळत नव्हतं. स्वतःचं नाव लिहितानाही तो मध्येच थांबायचा. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी मात्र तासन्‌तास बसून लाटांकडे बघत हसायचा. "देवानं तसाच धाडला," जयवंताबाई म्हणायच्या, आणि विषय तिथंच मिटायचा.

विक्रमची बायको सोनिका पाचव्या महिन्यात होती. एका संध्याकाळी तिची पाठ फार दुखू लागली, तेव्हा जयवंताबाईंनी पेटीतून गावची बाटली काढली आणि वाटीत थोडं ओतलं.

"घे वं, दोन घोट. आंग मोकळं होते."

"नको आई. दारू आहे ती."

"दारू काहून? मोहाची फुलं आहेत. कवडूच्या वेळी मी रोज घेत होती. काय झालं मले?"

"तुम्हाला नाही, आई. ती पोटातल्या लेकराला पोचते. बाळ बारीक राहते, पुढं शिकायला जड..." सोनिकानं मान वळवली. दारात कवडू सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावत बसला होता.

त्यानंतर कितीतरी दिवस जयवंताबाई घरात असून घरात नव्हत्या. भाजी निवडताना हात थांबायचे आणि ते जुने महिने डोळ्यांपुढे तरंगत यायचे. दोन लेकरं गेल्यावर तिसऱ्या वेळी जाऊ भागीरथा त्यांना जपत होती. दिवस कलला की वाटी पुढं करायची. मोहाचा तो गोडसर वास, अंगातून उतरत जाणारी ऊब, बाजेवर पडल्या पडल्या धानाची बांधी, सगळं शेतच, पाण्यासकट आभाळात चढल्यासारखी दिसायची. उभ्या आयुष्यात तेवढाच आराम मिळाला होता. त्या आरामाचीच आता त्यांना भीती वाटू लागली.

सोनिकाच्या तपासणीला त्या हट्टानं गेल्या आणि डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, "थोरला पोटात होता तवा मी रोज मोहाची दारू घेत होती, अन् त्याले अजून घड्याळ कळत नाही. माहा पोरगा माह्यामुळं असा झाला का?"

"आजी, ते आज कोणालाच सांगता येणार नाही. कारणं खूप असतात. पण किती घेतली तर चालते, हेही ठाऊक नाही, म्हणून आम्ही थेंबही नको म्हणतो. तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग स्वतःला कशाला दोष देता?"

परतताना त्या तलावाशी उतरल्या. कवडू पायरीवर बसला होता. उन्हानं पाणी पिवळं झालं होतं. त्याच्याशेजारी टेकून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तू पोटात होता ना बाबू, तवा मी मोहाची घेत होती. मले माहीत नव्हतं रे."

कवडूनं लाटांवरची नजर आईकडे वळवली. "मंग तुले झोप येत होती?"

"लय."

"मले बी येत असंन," तो म्हणाला, आणि पुन्हा लाटांकडे बघू लागला. जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.

माघात सोनिकाला मुलगी झाली. पुढं उन्हाळ्यात जयवंताबाई गावी गेल्या. भागीरथाची नात भूमिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि म्हातारी भागीरथा तिच्यापुढं वाटी घेऊन उभीच होती.

"देऊ नको तिले, बाई," जयवंताबाई म्हणाल्या.

"काहून? तुले मीच देत होती. कवडू जगला ना?"

"जगला. पण त्याच्यावर काय बीतली, ते तुले ठाऊक नाही अन् मले बी नाही. मी आता हे जन्मभर मनात घेऊन फिरून राहिली. या पोरीवर ती पाळी नको आणू."

भागीरथा दुखावली. आपल्या मायेला नावं ठेवली, असं तिला वाटलं. रागारागात तिनं ती वाटी स्वतःच रिकामी केली आणि जयवंताबाईंकडे पाठ करून जेवायला बसली. भूमिकानं मात्र चुलीवरचं दूध मागून घेतलं.