दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

ऐंशीच्या दशकात इंग्लंडात, स्लाऊला, आमच्या दुकानाच्या काचेवर गोऱ्या टोळक्यांचे दगड पडायला लागले. त्या वर्षी दसऱ्याला मी घरी पाटावर दुकानातली कात्री, पान्हा, सुरी मांडली. कुंकू लावणार, तोच शेजारच्या दुकानदार मित्रानं कोटातून पिस्तूल काढून पान्ह्याशेजारी ठेवलं.

"हे कशाला रे?"

"सेल्फ डिफेन्स! तुलाही एक आणून देतो. का, घाबरलास?"

"लायसन आहे?"

तो नुसता हसला. मला त्या हसण्याचाच संशय आला. आजवर हा माझ्याकडे जेवायला यायचा, तेव्हाही हे खिशात असायचं काय? उद्या पत्ते खेळताना आमचं वाजलं तर? दगड मारणारा निदान बाहेर तरी असतो.

बायको म्हणाली, "अहो, सण आहे, राहू द्या."

मी चौथीच शिकलेला, पण गप्प ऐकून घेणारा नव्हे. म्हटलं, "ज्यानं रोजचं काम करतो, ते पूजेला ठेवतात. ह्यानं तू कसलं काम करणार, ते सांग. मग कुंकू लावतो."

त्यानं पिस्तूल उचललं आणि न जेवता गेला. पुढंही तो यायचा, पण कोट काढल्याशिवाय मी त्याला आत घेतलं नाही.