पाठीवर एकच जागा

आम्ही शिवणकाम शिकलो तेव्हा ठिगळ लपवायला शिकलो. कापडाच्या रंगाचा दोरा घ्यायचा, टाका आतून घालायचा, वरून बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आणि म्हातारपणी माझ्या गाळ्यात एक पोरगी आली, चांगलं धडधाकट बिनबाह्यांचं जीनचं जाकीट घेऊन. कुठं फाटलेलं नाही, विरलेलं नाही. म्हणाली, "ताता, याच्या पाठीवर हे लावून द्या. लांबून दिसलं पाहिजे."

हे म्हणजे पोळपाटाएवढी कवटी. काळ्या कापडावर दोऱ्यानं भरलेली, दातांत वीज धरलेली.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागं शिवत बसतो. शाळा चौथीपर्यंत, ती पण सांगोल्याकडं मेंढरांच्या मागं पळतापळता. पण लग्नाच्या बँडवाल्यांचे जरीच्या पट्टीचे लाल कोट या शहरात कोण शिवायचं, ते जुन्या माणसांना विचारा. पोरगी आमच्याच गल्लीतली, तेलुगू घरातली. तिचा आजा माझा दोस्त होता, म्हणून मला ताता म्हणते, म्हणजे आजोबा. औषधाच्या दुकानात कामाला जाते. गरीब गाय वाटायची तोवर.

"कुणाची म्हणायची ही कवटी?"

"बँडची, ताता. अमेरिकेतला बँड आहे. थ्रॅश मेटल, म्हणजे एकदम जोरात आणि वेगात वाजवतात."

"कोट कसले घालतात?"

"कोट नाही घालत. काळे बनियन."

"मग त्यांच्या शिंप्यानं काय खायचं?" मी विचारलं. ती हसली, आणि तेवढ्यात एक रिक्षावाला शर्टाचं बटण लावून घ्यायला आला. तिशीतला, दोन लेकरांचा बाप, माझं जुनं गिऱ्हाईक. टेबलावरची कवटी बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"नक्को चाचा, नक्को! ये कायकू लगा रहे? हे तर कधीच संपले!"

"कोण संपले?" पोरगी वळली.

रिक्षावाल्यानं खाकी शर्टाची बटणं सोडली. आत काळा बनियन, त्यावर ही मोठी करवत, दातांतून लाल थेंब गळणारी. "हा असली बँड. बाकी सगळी वरात."

झालं. बटण राहिलं, जाकीट राहिलं. दोघं माझ्या दारात उभे राहून असे भांडले की शेजारचा टपरीवाला किटली हातात धरून बघायला आला. तो म्हणायचा, आमच्या करवतवाल्यांचा वेग बघ. ती म्हणायची, तुमचे नुसते पळतात, आमचे पळतात आणि नेमकं थांबतातही, त्या थांबण्यात मान आपोआप हलते. तो म्हणायचा, तुमच्यांनी मधे एक हळू गाणं काढलं तिथंच विकले गेले. ती म्हणायची, तुमच्या गाणाऱ्याचा घसा बसलाय, आमच्या दुकानात गोळी मिळते, पाठवू का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं परत आले. तिसऱ्या दिवशी पण आले. मला बरं वाटायला लागलं. रेडिमेड कपडे आल्यापासून माझ्या गाळ्यात एवढी माणसं कधी बोलली नव्हती.

त्यांच्यात एक रीत आहे, ती मला तेव्हा कळली. जाकिटाच्या पुढच्या अंगाला बारकेबारके किती पण बँड लावा, कुणी विचारत नाही. पण पाठीवर जागा एकच. तिथं जो बसला तो तुमचा. म्हणून भांडण सगळं पाठीचं.

एक दिवस रिक्षावाला पण तसलीच कापडावर भरलेली करवत घेऊन आला. म्हणाला, "चाचा, तुम्हीच सांगा. कोण भारी?"

मी चष्मा लावला आणि दोघांचे पॅच, म्हणजे ही भरलेली कापडं, हातात घेतले. कवटीच्या जबड्यापाशी दोरा ढिला होता, मागं गाठी सुटलेल्या. करवत मात्र काय भरली होती! एकेक दात कडक, काठ घट्ट, उलटीकडून बघितली तरी सुलटी वाटावी.

"करवत," मी म्हणालो. "काम स्वच्छ हाय."

रिक्षावाल्यानं मला मिठी मारली आणि टपरीवाल्याला तीन चहा सांगितले.

"ताता, गाणं तरी ऐका आधी!" पोरगी ओरडली.

"ऐकायचं काय त्यात? काम हातात दिसतंय की."

असा मी करवतवाल्यांचा झालो, एक सूर न ऐकता. आणि मी एकदा बोललो की बोललो. मशीनला मोटर बसवणार नाही असं एकदा म्हणालो होतो, अजून दोन्ही पायांनी पायडल मारतो. गुडघे बोलतात, मी बोलत नाही. त्यामुळं रोज संध्याकाळी मी रिक्षावाल्याच्या बाजूनं भांडायला लागलो. वेग कसा, दम कसा, सगळं त्याच्या तोंडचं उचलून ठोकून द्यायचं. रिक्षावाला सगळ्या स्टँडवर सांगत सुटला, की अशोक चौकातला म्हातारा टेलर आपल्या पार्टीचा आहे.

पोरगी काही कमी नव्हती. तिनं माझ्या मोबाइलमध्ये दोघांची गाणी भरून दिली आणि कानात घालायच्या वायरी आणून दिल्या. "भांडा खुशाल, पण ऐकून भांडा."

दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी आधी आमची करवत लावली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाटलं. म्हटलं असेल, चांगलंच असणार. मग शत्रू काय करतो बघावं म्हणून कवटी दाबली.

आधी एकटी गिटार घासत आली. मग ढोल सुरू झाला, आणि मी हातातली पँट खाली ठेवली. तो बाबा दोन्ही पायांनी वाजवत होता! पोरीनं नंतर सांगितलं, त्यांच्या ढोलाला खाली दोन पायडल असतात. मला सांगायची गरज नव्हती. लांब शिवण लागली की माझे दोन्ही पाय जसे पळतात, तसे त्याचे पळत होते, आणि कोपरा आला की मी जसा थांबतो तसा तो थांबत होता. पुन्हा पळ, पुन्हा थांब. त्या दुपारी मी तीन पायजमे शिवले आणि गुडघा एकदा पण बोलला नाही.

पंचाईत झाली. संध्याकाळी करवतीसाठी भांडायचं आणि दुपारी चोरून कवटी ऐकायची. एकदा पोरगी लवकर आली.

"ताता, पाय कुणाच्या तालावर चाललेत?"

"मशीनच्या," मी म्हणालो आणि वायरी ओढून काढल्या.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्याच चार पोरांनी होटगी रोडवर एक मंगल कार्यालय रविवारच्या दुपारी भाड्यानं घेतलं. दोन्ही बँडांची गाणी वाजवणार होते. रिक्षावाला माझ्या मापाचं जीनचं जाकीट घेऊन आला, सोबत कोरी करकरीत करवत. "चाचा, ये तुमच्यासाठी. पाठ मोकळी आहे. कोण बसणार ते सांगायला नको. सगळ्या पोरांना बोलून ठेवलंय, आमचे चाचा येणार."

"करवतच ना, ताता?" पोरीनं विचारलं.

"शब्द दिलाय मी."

जाताना ती एक जादा कवटी माझ्या टेबलावर ठेवून गेली. "राहू द्या. कुठं ठिगळाला लागेल."

मी करवत पाठीवर लावली. अशी लावली की करवतवाल्यांनी स्वतः बघावी. मग जाकिटाला काळं अस्तर शिवलं, आणि त्या अस्तराला, बरोबर पाठीच्या जागी, ती कवटी टाचली. पांढऱ्या दोऱ्यानं, नुसता धावदोरा. अस्तर कोण बघतंय? शब्दही राहिला आणि कवटी पाठीला लागून राहिली. त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजलो.

रविवारी रिक्षावाल्यानंच आम्हा दोघांना नेलं. आत काळे बनियन घातलेली पोरंच पोरं. एकानं विचारलं, "आजोबा, खुर्ची आणू?"

"खुर्ची कुणाला? मी जलमभर बसूनच हाय."

पहिली करवतीची गाणी झाली. मी रिक्षावाल्याच्या शेजारी मूठ वर करून उभा. सगळे माझी पाठ बघत होते, तो सगळ्यांना दाखवत होता. मग कवटीचं ते गाणं आलं. तेच, दोन पायांचं. रिक्षावाल्यानं हाताची घडी घातली, दुसऱ्याच्या गाण्याला हलायचं नाही अशी त्यांची रीत. मी पण घडी घातली. पुढं पोरगी, मी कवटी लावून दिलेलं जाकीट घालून, केस मोकळे सोडून मान फिरवत होती. ढोल सुरू झाला. पायाखालची फरशी थरथरायला लागली आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. हात घडीत, तोंड गंभीर, आणि खाली दोन्ही पाय पायडल मारतायत!

म्हटलं, हे काय सोंग लावलंय म्हाताऱ्या?

मी जाकीट काढलं, उलटं केलं आणि घातलं. शिंप्याला विचारा याला काय लागतं. सगळा जन्म माझं कच्चं काम कुणी बघितलं नव्हतं. आता खिसे कानासारखे बाहेर लोंबतायत, पांढरा धावदोरा लांबून दिसतोय, तोही वाकडा. तसाच पुढं पोरीपाशी गेलो. तिनं वळून बघितलं आणि अशी किंचाळली की गाणाऱ्यानं पण माझ्याकडं बघितलं. मग मी नाचलो. कसा ते मला विचारू नका.

रिक्षावाला गर्दीतून वाट काढत आला, माझ्या कानात ओरडला, "चाचा! दगा?"

"कसला दगा?" मी पण ओरडलो. "करवतीचं काम स्वच्छ हाय म्हणालो हुतो! आजबी म्हणतो! गाण्याचं इचारलंतच कवा?"

तो गर्दीतून माघारी गेला.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तो रिक्षात समोर बघत बसला होता. आम्ही दोघं चोरासारखे उभे.

"बसा," तो म्हणाला.

बसलो. त्यानं करवत लावली, आवाज पूर्ण, आणि सात रस्ता चौकात पोलीस वळून बघेपर्यंत कमी केला नाही. पोरगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मला पण हसू आवरेना. आरशात बघितलं तर त्याच्या मिश्या हलत होत्या.

गाळ्यापाशी त्यानं रिक्षा थांबवली, खाली उतरला आणि माझी पाठ निरखून बघितली.

"काय शिवण आहे ही चाचा? उद्या धावदोरे काढून पक्की मारा. दुश्मन झाला तरी नीट दिसला पाहिजे."

"आन करवत? उसवू?"

"नक्को. राहू द्या आत. कधीतरी टोचेलच."

दुसऱ्या दिवशी मी शिवण पक्की केली, खिसे फिरवले, बटणं बदलली. आता रोज संध्याकाळी पोरीच्या बाजूनं भांडतो. ती म्हणते, ताता, तुम्ही गप्प बसलात तर आपण जिंकू. मी गप्प बसत नाही.

करवत अजून टोचलेली नाही. रिक्षावाला रोज विचारतो.