जोमाशेठ माझे बाबा होते

माझे बाबा दारू पीत नव्हते. गाणं आलं, मग प्यायला लागले.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

‘जोमाशेठ झिंगला’ तुम्ही ऐकलंय. पनवेल-उरणमध्ये एखाद्या हळदीला गेलात आणि ऐकलं नाही, असं होत नाही. माझ्या ऑफिसमधल्या पुण्याच्या मुलीच्या फोनमध्येपण आहे. ती विचारते, “हा जोमाशेठ खरंच कोणी होता का गं?”

होता. माझे बाबा. शेठ वगैरे काही नव्हते. शाळेची व्हॅन चालवायचे.

गाणं केलं विलासकाकाने. बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, हळदी-लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत गातो.
आत्याच्या मुलाच्या हळदीत सगळे पिऊन नाचत होते आणि बाबा एकटे खुर्चीवर, हातात लिंबू सरबत. काकाने माइक घेतला आणि तिथल्या तिथे जुळवलं,

“जोमाशेठ झिंगला, मांडवाला टांगला…”

जो पीत नाही त्यालाच झिंगवायचं, एवढीच गंमत होती.
सगळ्यात जास्त बाबा हसले होते.

कोणीतरी व्हिडिओ टाकला. मग काकाने स्टुडिओत जाऊन नीट रेकॉर्ड केलं. मग डीजेवाल्यांनी उचललं. मग ते आमचं राहिलंच नाही.

सुरुवातीला बाबांना फार आवडायचं. व्हॅनमधली पोरं उतरताना ओरडायची, “बाय जोमाशेठ!” शाळेच्या गेटवर सगळी मिळून गायची. बाबा स्टिअरिंगवर ताल धरायचे.

मग पालकांच्या ग्रुपवर एका आईने विचारलं, “हा ड्रायव्हर ड्रिंक करतो का?”

बस.

बाबा प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. “मॅडम, टेस्ट करा. मी हातपन लावत नाय.”
मॅडम म्हणाल्या, “मला माहितीये हो. पण पालकांना मी काय सांगू? गाणं तुमच्यावरच आहे ना?”

व्हॅन गेली.

द्रोणागिरीला एका गोडाऊनमध्ये ड्रायव्हर हवे होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. सुपरवायझरने नाव वाचलं आणि खो-खो हसला. “अरे जोमाशेठ, तू गाडी चालवणार?” चहा पाजला, सेल्फी काढला. नोकरी नाही दिली.

तोपर्यंत बाबांनी एक थेंबसुद्धा घेतला नव्हता. हे मी पुन्हा लिहिते, कारण कोणाला खरं वाटत नाही.

शेवटी काकाच म्हणाला, “दादा, माझ्यासंगती चल. नुसता स्टेजवर उभा रा. लोकं तुला बघायलाच येतील.”
काकाला भावाचं वाईट वाटत होतं म्हणून तो म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. देऊन बघितला, काही उपयोग झाला नाही.

गॉगल, फेटा, हातात बाटली. बाटलीत कोल्ड्रिंक. बाबा घरी आरशासमोर झोकांड्या खायची प्रॅक्टिस करायचे. त्यांना जमायचंच नाही. आई हसून हसून खाली बसायची.

चिरनेरला एका हळदीत नवरदेवाच्या दोस्तांनी खरी ओतली.
“जोमाशेठ, आमच्या हातची नाय घेनार?”
समोर अख्खा मांडव. गाणं चालू.
बाबांनी घेतली.

त्यानंतर कोणी ओतायचं थांबलं नाही. काही महिन्यांनी ते घरीपण घ्यायला लागले. घरी गाणंबिणं काही नसायचं. टीव्हीसमोर नुसते बसून प्यायचे.

एकदा मी म्हटलं, “बाबा, सोडा ना. स्टेजपण सोडा.”
“मंग मी कोन, पोरी? गाडी तं गेली. आता लोकं इचारतात तरी.”
 

काकाने गाणं म्हणायचं बंद केलं. चॅनलवरून काढून टाकलं. तर दहा जणांनी त्याचे रिमिक्स केले. दुसऱ्या बेंजो पार्टीवाल्यांनी बाबांना बोलावलं. काका त्यांच्या पाया पडला, “दादा, नको जाऊ.” बाबा गेले.

हॉस्पिटलमध्ये डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं.
डॉक्टरांनी विचारलं, “किती वर्षं पितात?”
आई म्हणाली, “नाय पीत ते.”
डॉक्टरांना ते खोटं वाटलं. तिला नाही.

शेजारच्या पेशंटचा जावई बघत होता. जवळ येऊन म्हणाला, “तुम्हीच ना ते?” आणि मोबाइल काढला.
बाबांना मान उचलता येत नव्हती. हात उचलला. स्टेजवर उचलायचे तसा.
आई भिंतीकडे तोंड करून बसली.
दुसऱ्या दिवशी ते गेले.

आता मागच्या महिन्यात चुलतभावाची हळद होती, कर्नाळ्याच्या बाजूला एका हॉलवर. ते गाणं लावू नको, असं डीजेला सांगून ठेवलं होतं. पण पोरांनी फर्माईश केली आणि त्याने लावलं. क्षणभर सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं. मग कोणीतरी नाचायला लागलं. मग सगळेच.
काका बाहेर जाऊन गाडीत बसला.
आई म्हणाली, “चल, जेवून घेऊ.”
आम्ही ताटं घेतली आणि जेवलो.

आज सकाळपासून तुम्ही मेसेज करताय. थँक यू. काहींनी त्यांच्या आठवणीत तेच गाणं स्टेटसला ठेवलंय. चांगल्या मनाने ठेवलंय, कळतं मला. काढा म्हणत नाही. तुम्ही काढल्याने ते कुठे जाणार आहे?

फक्त एवढंच लिहायचं होतं की त्या नावाचा एक माणूस होता. सकाळी लवकर उठून व्हॅन धुवायचा, लहान पोरांना हात धरून रस्ता क्रॉस करून द्यायचा, आणि लग्नात सरबत प्यायचा.

बाबा, तुम्हाला शेवटचा नमस्कार. आता कोणी हाक मारली तरी उठू नका.